पावसात भिजलेल्या मक्याला बुरशी आलीय, गाईंना भरडून घातला तर चालेल का?

पलूसकडची_गोठेवाली

नमस्कार मंडळी. आमचं गाव पलूस तालुक्यात, नदीपासून फार लांब नाही. घरी चार एचएफ (होल्स्टीन, जास्त दूध देणाऱ्या विदेशी जातीच्या) गाई, एक म्हैस आणि दोन कालवडी आहेत. यंदा मका मळला आणि त्याच आठवड्यात परतीच्या पावसानं गाठलं, ताडपत्री वरून होती पण खालून पाणी शिरलं, नंतर ऊन असं पडलंच नाही आणि मग तसाच पोत्यात भरून पत्र्याच्या शेडमध्ये रचून टाकला. वरची पोती भरड्यासाठी चालू आहेत, त्यांना बघून तरी काही कळत नाही. पण आता खालचं पोतं सोडलं तर आत हात घातल्यावर गरम लागतंय, कुबट वास येतोय, तळाचे दाणे एकमेकाला चिकटून ढेकळं झालीत आणि दाण्याच्या टोकाला हिरवट पिवळी भुकटी आहे, हाताला लागती.

घरात दोन मतं पडलीत. सासरे म्हणतात आपण खाऊ नये पण जनावराला काय होतंय, उन्हात पसरा, बुरशी झाडा आणि सरकी पेंडीत मिसळून घाला. दीर म्हणतात गिरणीत भरडताना एवढं गरम होतं त्यात बुरशी मरूनच जाती. एवढा माल टाकायचा म्हणजे वर्षाचं गणित बिघडतंय हे मलाही कळतंय. पण माझी मुलगी दीड वर्षाची आहे, ती आमच्याच गाईचं दूध पिते, आणि बाकीचं दूध डेअरीला जातं तिथंही कुणाची तरी पोरंच पिणार. त्यामुळं मन घेत नाही.

शिवाय हल्ली दूध थोडं कमी झालंय, खाणं पण पहिल्यासारखं नाही आणि एक गाय दोनदा उलटली, म्हणजे भरवूनही गाभण न राहता परत माजावर आली. ह्याचा मक्याशी संबंध असेल का? आणि अजून एक, घरच्या भुईमुगाच्या शेंगा फोडताना काही दाणे काळपट सुरकुतलेले निघतायत, खाल्ला तर कडू लागतो. तेही बाकीच्या दाण्यांबरोबर भाजून कूट करतो आम्ही. ते चालतं का? कुणाला नीट माहिती असेल तर सांगा, अंदाजानं नको.

वाळव्याचा_गडी

ताई एवढं घाबरू नका. आमच्याकडं पावसात भिजलेलं सगळं जनावरालाच जातंय, वडील घालत होते, आजा घालत होता. उन्हात चांगलं कडक वाळवायचं, पाटीनं पाखडायचं, थोडं थोडं करून पेंडीत मिसळायचं. गाईच्या पोटात चार कप्पे हायत, तिला सगळं पचतंय. फक्त गाभण जनावराला घालू नका. एवढा मका उकिरड्यावर टाकायचा म्हंजे जिवावर येतंय बघा, पेंडीचं पोतं काय भावानं मिळतंय सध्या तुम्हाला माहितीच हाय.

पशुवैद्य_सातारा

ताई, आधी थेट सांगतो, ढेकळं झालेली आणि भुकटी दिसणारी पोती एकाही जनावराला घालू नका, आणि जी वरची पोती चालू आहेत तीही आजपासून थांबवा, तपासून घेतल्याशिवाय पुन्हा सुरू करू नका. आता कारण सांगतो म्हणजे घरच्यांना समजावता येईल.

बुरशी आणि बुरशीचं विष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही वर्णन केलेली हिरवट पिवळी बुरशी बहुतेक अस्परजिलस फ्लेव्हस, ती मक्यावर, शेंगदाण्यावर, सरकीवर येते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. उन्हात टाकलं की बुरशी मरेल, झाडली की भुकटी उडून जाईल, पण विष दाण्यात उतरलेलं असतं ते तिथंच राहतं. दिसायला मका स्वच्छ होतो म्हणून उलट धोका वाढतो, कारण मग आपण बिनधास्त घालतो. गिरणीचं म्हणाल तर भरडा हाताला चटका बसेल एवढा तापतो, अफ्लाटॉक्सिन मोडायला साधारण अडीचशे अंशांच्या आसपास तापमान लागतं. दूध उकळून किंवा भाकरी भाजूनही ते जात नाही.

चार कप्प्यांचा मुद्दा. काही बुरशीविषं पोटातले जंतू बऱ्यापैकी मोडतात, ओक्राटॉक्सिन म्हणून एक आहे त्याचं तसं होतं. अफ्लाटॉक्सिनचं तसं होत नाही. ते रक्तात जातं, यकृतात पोचतं, आणि तिथं त्याचं रूप बदलून एम वन हा प्रकार तयार होतो जो दुधात उतरतो. गाईनं सकाळी खाल्लं तर दुसऱ्या दिवसाच्या दुधात तो सापडतो. म्हणजे जनावराला घातलं की प्रश्न मिटला असं नाही, तोच माल दुधातून परत आपल्याच घरात येतो.

किती येतो त्याचा हिशोब करून दाखवतो. १ पीपीबी म्हणजे एक टन मक्यात एक मिलिग्रॅम. भारतीय मानकात पशुखाद्याला अफ्लाटॉक्सिन बी वनची, म्हणजे दाण्यात असतो त्या मूळ प्रकाराची, मर्यादा २० पीपीबी आहे. समजा तुमच्या मक्यात २०० निघालं, बुरशीच्या मक्यात एवढं निघणं काही विशेष नाही. गाय दिवसाला चार किलो मका खाते तर तिच्या पोटात ८०० मायक्रोग्रॅम गेलं. खाल्लेल्यातलं साधारण १ ते ६ टक्के दुधात येतं, जास्त दूध देणाऱ्या गाईत जास्त. आपण २ टक्केच धरू, म्हणजे १६ मायक्रोग्रॅम. गाय १५ लिटर देत असेल तर लिटरला १ मायक्रोग्रॅमच्या वर गेलं. दुधात कायद्यानं ०.५ पर्यंतच चालतं, म्हणजे दुप्पट झालं. युरोपात तर मर्यादा ०.०५ आहे.

आणि हे फक्त कागदावरचं नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१८ साली देशभरातले ६,४३२ दुधाचे नमुने तपासले होते, त्यात ५.७ टक्के नमुन्यांत एम वन मर्यादेपेक्षा जास्त निघालं. दुधातल्या भेसळीची एवढी चर्चा होते आपल्याकडं, पण त्या तपासणीत मिसळलेल्या पदार्थांपेक्षा हा खाद्यातून आलेला दोष जास्त दिसला, आणि तो पिशवीबंद दुधातही होता.

गाय उलटण्याबद्दल मात्र मी लगेच हो म्हणणार नाही. मक्यावर फ्युजेरियम बुरशी असेल तर झिअरालेनोन नावाचं विष असतं, ते शरीरात स्त्री संप्रेरकासारखं वागतं, त्यामुळं माज बिघडतो, कालवडीची कास अवेळी सुटल्यासारखी दिसते. पण उलटण्याची कारणं पन्नास असतात, खनिज मिश्रणाची कमतरता, रेतनाची वेळ, गर्भाशयाचा संसर्ग. डॉक्टरांकडून तपासून घ्या, मक्यावर ढकलून मोकळे होऊ नका. दूध कमी होणं, खाणं घटणं, केस राठ दिसणं, हगवण लागणं हे मात्र अफ्लाटॉक्सिनशी जुळतं. शिवाय प्रतिकारशक्ती कमी होते त्यामुळं लस टोचूनही रोग येतो आणि दोष लसीला जातो. मोठ्या गाईपेक्षा वासरांना आणि कालवडींना त्रास लवकर होतो, तेव्हा दूध देत नाही म्हणून कालवडीला खराब माल घालायचा असंही करू नका.

अंडी_पोल्ट्री_विटा

डॉक्टर बरोबर बोलतायत. आम्ही कोंबड्यांवाले ह्या गोष्टीला जरा जास्तच भितो कारण पक्षी लगेच दाखवतो. अंडी घटतात, कवच पातळ, मेलेला पक्षी उघडला तर लिव्हर पिवळं आणि फुगलेलं. हे विष जगाला कळलं तेच मुळी पक्ष्यांमुळं, १९६० ला इंग्लंडमध्ये टर्की लाखाच्या वर मेल्या, कुणाला कळेना कसला रोग आहे, शेवटी ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत सापडलं.

आमच्याकडं मका गाडीतून उतरायच्या आधी मॉइश्चर मीटर म्हणजे ओल मोजायचं यंत्र लागतं, ओल १४ टक्क्यांच्या वर असली की गाडी परत. आणि मीटर एकाच पोत्याला लावून भागत नाही. विषाचंही तसंच, ते सगळ्या ढिगात सारखं नसतं, हजार दाण्यातले दोन दाणे भयंकर असतात आणि बाकीचे चांगले. त्यामुळं एका ओंजळीचा रिपोर्ट चांगला आला तर खूश व्हायचं नाही. पोत्यात खुपसायची पोकळ सळई मिळते, तिनं प्रत्येक पोत्याच्या वर मधे तळाला असं काढायचं, सगळं एकत्र करून भरडायचं, चांगलं कालवायचं आणि मग त्यातलं किलोभर लॅबला द्यायचं.

अजून एक सांगतो, इथं बरेच जण स्वस्त पडतं म्हणून डीडीजीएस घ्यायला लागलेत, गाईलाही आणि कोंबडीलाही. मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरतो तो चोथा. प्रोटीन चांगलं असतं हे खरंय, पण मक्यातलं स्टार्च निघून जातं आणि विष मागं राहतं, त्यामुळं मूळ मक्यात जेवढं होतं त्याच्या साधारण तिप्पट चोथ्यात होतं. खराब झालेला भिजका मका कुठंतरी खपतोच ना, मग तो असा फिरून परत गव्हाणीत येतो. रिपोर्ट मागितल्याशिवाय घेऊ नका. एका पुरवठादारानं मला रिपोर्ट दाखवला तो दुसऱ्याच लॉटचा होता, तारीख बघितली म्हणून कळलं.

वाळव्याचा_गडी

डॉक्टर तुमचं म्हणणं वाचलं. खोटं म्हणत नाही मी. पण मग एक सांगा, आमच्या आजाच्या टायमाला कसं काय चालत होतं? तेव्हा काय लॅब होती? तेव्हाची माणसं नव्वद नव्वद वर्षं जगली.

खटावकर_काका

गडी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, माझं वय झालंय आणि मी ते दिवस बघितलेत.

त्या वेळी गाय कडब्यावर आणि रानातल्या गवतावर होती. चार लिटर दूध द्यायची, सकाळ संध्याकाळ मूठभर पेंड, तीही गाभण नायतर ताजी व्यालेली असली तर. आता एचएफला दिवसाला सहा सात किलो भरडा पेंड घालता तुम्ही. जेवढा दाणा जास्त तेवढं त्यातलं विष जास्त. दुसरं, आमच्या माण खटावला खायची ज्वारी म्हंजे शाळू. थंडीत निसवतो, उन्हाळ्याच्या तोंडाला काढणी, कणसाला पावसाचा थेंब लागत न्हाई. दाणा दातानं फुटायचा न्हाई इतका कडक. त्याला बुरशी लागंल कुठनं? नंतर पावसाळी हायब्रीड ज्वारी आली, ती भरायला आणि परतीचा पाऊस यायला एकच गाठ, दाणा काळा पडायचा. ती काळी ज्वारी आम्ही घरात खात नव्हतो. १९९५ ला खाली कर्नाटक आंध्राकडं असल्याच भिजलेल्या ज्वारी मक्याच्या भाकरी खाऊन गावंच्या गावं पोटदुखीनं आणि जुलाबानं आजारी पडली होती, ते पण बुरशीचंच विष होतं, फ्युमोनिसिन.

आणि कुणी सांगितलं जुन्या काळी काय होत नव्हतं? १९७४ ला राजस्थान गुजरातच्या हद्दीवर, बांसवाडा आणि पंचमहालात, आदिवासी लोकांनी पावसात भिजलेला मका खाल्ला, खायला दुसरं काही नव्हतंच बिचाऱ्यांकडं. कावीळ झाली, पोटात पाणी झालं, शंभरावर माणसं गेली. त्याच घरातली कुत्री पण मेली. नव्वद वर्षं जगलेला आजा आपल्याला दिसतो, जी पोरं काविळीनं गेली ती कुणी मोजली न्हाईत.

बाजरीचं आमच्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. कणसातनं चिकट मधासारखं गळायला लागलं की अरगट आला म्हणायचे. दाण्याच्या जागी काळपट लांबट खडा तयार होतो, तो पिठात गेला की ओकारी, चक्कर, गुंगी. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ घालायचं, बाजरी त्यात ओतायची, खडे आणि पोचट दाणे वर तरंगतात ते काढून जाळायचे, खालची बाजरी दोन तीन पाण्यानं धुऊन सावलीत वाळवायची. पेरायच्या बियाण्याला तर हे करायचंच. पण ताई, हे बाजरीच्या अरगटाचं आहे, मक्याला हे करून भागणार न्हाई. तिथं विष दाण्याच्या आत असतं, अख्ख्या चांगल्या दिसणाऱ्या दाण्यातसुद्धा.

पलूसकडची_गोठेवाली

काका, डॉक्टर, विट्याचे दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री सासऱ्यांना हे सगळं वाचून दाखवलं. बांसवाड्याचं ऐकून ते गप्पच झाले. चालू पोतं सकाळी बंद केलं.

आता पुढचे प्रश्न. एक म्हणजे खाद्याच्या दुकानदारानं सांगितलं की टॉक्सिन बाइंडर नावाची पावडर मिळते, ती मिसळली की कसलाही मका चालतो, खरं आहे का? दुसरं, मुलीच्या दुधाचं काय करू, आणि किती दिवस? तिसरं, हा मका टाकायचा तरी कुठं, कारण आमच्या आळीला कोंबड्या मोकळ्या फिरतात आणि परड्यात टाकला की त्या खाणार. आणि शेंगांचं कुणीच सांगितलं नाही.

पशुवैद्य_सातारा

बाइंडर म्हणजे बहुतेक वेळा बेंटोनाइटसारखी माती किंवा यीस्टच्या पेशींचं आवरण. मातीचे बाइंडर अफ्लाटॉक्सिनला आतड्यात धरून ठेवतात आणि शेणावाटे बाहेर नेतात, तेवढं काम ते चांगलं करतात आणि दुधातलं प्रमाणही कमी होतं. पण शून्य होत नाही, आणि फ्युमोनिसिन, झिअरालेनोन यांच्यावर साध्या मातीचा फारसा उपयोग होत नाही. चांगल्या दिसणाऱ्या पण थोडी शंका असलेल्या खाद्याला पावसाळ्यात आधार म्हणून ठीक आहे. ढेकळं झालेला मका बाइंडर टाकून चालवायचा म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवून घर कोरडं आहे म्हणण्यासारखं झालं. कसलाही मका चालतो असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. डोस डॉक्टरांना विचारून ठरवा, जास्त माती घातली तर काही खनिजंही बांधली जातात.

दुधाचं, खराब खाद्य बंद केल्यावर साधारण चार पाच दिवसांत दुधातलं एम वन जवळजवळ निघून जातं. तेवढे दिवस मुलीला दुसरीकडचं दूध द्या, आठवडा धरा म्हणजे निर्धास्त. लहान मुलांच्या बाबतीत मी जरा कडक बोलतो कारण त्यांचं वजन कमी आणि आहारात दूधच जास्त, त्यामुळं किलोमागं विष जास्त जातं. अफ्लाटॉक्सिन हे माणसात यकृताचा कॅन्सर करणारं म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं पहिल्या गटात, म्हणजे नक्की कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत, धरलेलं आहे, आणि ज्याला हिपॅटायटिस बी आहे त्याला हा धोका कितीतरी पटीनं वाढतो. मुलीला हिपॅटायटिस बी ची लस पूर्ण झालीय ना ते कार्डावर बघून घ्या. म्हणून तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत.

त्या दिवसांत दुधाचं पनीर किंवा चक्का करून खपवू असंही कुणी सुचवेल, ते करू नका. एम वन दुधातल्या केसीन नावाच्या प्रथिनाला धरून राहतं, त्यामुळं पनीरमध्ये उलट दाट होतं. तुपात मात्र फारच कमी जातं.

मका जिरवायचं म्हणाल तर खोल खड्डा, घरापासून आणि विहिरीपासून लांब, शेणकाल्यात मिसळून वर मातीचा जाड थर. कोंबड्या, कुत्री, बदकं कुणालाही पोचणार नाही असं करा, बदकाचं पिल्लू तर या विषाला सगळ्यात नाजूक असतं. उचलताना नाकातोंडाला फडकं ओलं करून घट्ट बांधा किंवा मास्क लावा, ती भुकटी छातीत जाऊ देऊ नका. सासऱ्यांना दमा असेल तर त्यांना त्या शेडमध्ये जाऊच देऊ नका.

मार्केटयार्ड_सांगली

शेंगांचं मी सांगतो, आमचा धंदाच तो. काळपट, सुरकुतलेला, पिवळट डाग पडलेला, कडू लागणारा दाणा सरळ बाजूला काढा. शेंगदाण्यात एक बरं आहे, विष बहुतेक करून ह्याच वाईट दाण्यात गोळा झालेलं असतं, त्यामुळं हातानं निवडून खूप फरक पडतो. निवडायचं ते भाजायच्या आधी, आणि साल काढून फाकळ्या करून बघितलं तर आतली बुरशी पण दिसते. भाजून, कुटून, चटणी करून विष जात नाही. आमच्या इथं परदेशी जाणारा माल आधी मशीनवर रंगानं निवडतात, मग बायका पट्ट्यावर बसून परत निवडतात, तरी लॅबचा रिपोर्ट नाही आला तर कंटेनर हलत नाही. युरोपला खायच्या दाण्यात सगळं मिळून ४ पीपीबीच चालतं, आपल्याकडं खायला तयार दाण्याला १० आहे.

पण मला ज्याचं वाईट वाटतं ते सांगतो. तो निवडून काढलेला वाईट दाणा फेकला जात नाही. तो स्वस्तात घाण्यावर जातो. तेलात विष थोडं उतरतं, रिफाइन केलं तर तेही निघतं, पण गाळ न बसवलेल्या कच्च्या तेलात राहतं, आणि बाकी सगळं पेंडीत. ती पेंड परत तुमच्या गोठ्यात. म्हणून शेंगदाणा पेंड घेताना फोडून वास बघा, आतून काळी हिरवी झाक आहे का बघा, आणि पावसाळ्यात एकदम दोन महिन्यांची भरून ठेवू नका.

बेदाण्यालाही हेच आहे, तासगाव भागात शेडवर द्राक्षं असताना अवकाळी आला की माल काळा पडतो आणि बुरशी धरतो, तिथं ओक्राटॉक्सिन बघतात. ते मूत्रपिंडाला वाईट.

आणि साठवणीचं बघायचं असेल तर आमच्या हरिपूरची पेवं आठवा. जमिनीत खोल खड्डे, त्यात हळद भरून तोंड लिंपून टाकायचं. आत हवाच उरत नाही त्यामुळं ना किडा ना बुरशी, वर्षानुवर्षं हळद राहायची. पेव उघडलं की कुणी लगेच आत उतरत नाही, आधी बराच वेळ तोंड उघडं ठेवतात, कारण आत श्वासच घेता येत नाही. पण त्यातली हळद आधी शिजवून कडक वाळवलेली असायची, ओली भरली असती तर कुजलीच असती. २००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि कितीतरी पेवं गेली. हल्ली हवाबंद पिशव्या मिळतात त्यांचं तत्त्व तेच.

अंडी_पोल्ट्री_विटा

ताई पुढच्या वर्षासाठी एक सोपी गोष्ट, मीटर नसला तरी करता येते. काचेची कोरडी बरणी घ्या, मका तिसरा हिस्सा भरा, त्यात दोन तीन चमचे बारीक मीठ टाका. मीठ आधी तव्यावर गरम करून कोरडं केलेलं पाहिजे, पूर्ण गार झाल्यावर टाकायचं. झाकण लावून मिनिटभर जोरात हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवून द्या. काचेला आतून मीठ चिकटलं तर मक्यात ओल १५ टक्क्यांच्या वर आहे, पोत्यात भरायचा नाही. मीठ सुटं खाली पडलं तरच भरायचा. आणि तरी एकदोन उन्हं जास्तच द्या, कारण साठवायला १३ च्या आत आला तर बरा. शेंगा असतील तर त्याहून कोरड्या, दाण्यात ७-८ टक्के ओल, हलवली की शेंग वाजली पाहिजे.

पोती भिंतीला टेकवू नका आणि फरशीवर ठेवू नका, खाली फळ्या घाला. पत्र्याचं शेड रात्री गार पडतं आणि आतून पाणी धरतं, ते थेंब वरच्याच पोत्यावर पडतात, म्हणून तुमची वरची पोती दिसायला चांगली असली तरी मी विश्वास ठेवणार नाही. आणि लष्करी अळीनं पोखरलेली कणसं मळणीच्या आधीच वेगळी काढा, भोकातून बुरशी शेतातच शिरलेली असते, तुमच्या शेडमध्ये नंतर येत नाही.

वाळव्याचा_गडी

बरणीचं आज केलं. मागच्या महिन्यात भरलेला मका घेतला, मीठ चिकटलं. आता सगळी पोती सोडून अंगणात पसरलीत, बायको म्हणती काल म्हणत होता काय होत नाही. डॉक्टर, ह्याला बुरशी काही दिसत नाही अजून, वासही नाही. हा वाळवून चालेल ना? का हापण तपासायचा?

पशुवैद्य_सातारा

दादा, वेळेवर सोडलीत पोती. वास नाही, दाणा गरम नाही, ढेकूळ नाही म्हणजे आशा आहे. पातळ पसरा, दिवसातून तीन चार वेळा पाय फिरवा, संध्याकाळी गोळा करून झाका नाहीतर दवानं परत ओल धरेल. वाळल्यावर विट्याच्या दादांनी सांगितलं तसा सगळ्या पोत्यांतून नमुना काढा आणि एकदा तपासून घ्याच. तपासणी कुठं होते ते तुमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, आमच्या शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातही चौकशी करता येईल. खाजगी अन्न तपासणी लॅबही करतात. तुमच्या पेंडीच्या एका पोत्याच्या किमतीपुढं तो खर्च जास्त वाटेल, पण तीन चार जणांनी मिळून गावातल्या पेंडीचा आणि मक्याचा एकत्र नमुना दिला तर परवडतो.

पलूसकडची_गोठेवाली

एकच शेवटचं विचारते. डेअरीवर फक्त फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घट्ट भाग) बघतात, त्यांना हे कळणारच नाही. हे चार पाच दिवस दूध तसंच घालत राहू का? सासरे म्हणतात सगळ्या गावाच्या दुधात मिसळून पातळ होतं, आपल्या एकट्याच्या दुधानं काय होणार. आणि वासराला कुठलं पाजू?

पशुवैद्य_सातारा

परतीचा पाऊस गावात सगळ्यांवरच पडला ना ताई. तुमच्या शेडमध्ये जे झालं ते आणखी चार घरांत झालेलं असणार, मग पातळ कशात होणार? डेअरीच्या सचिवांना सरळ सांगा की आमच्या मक्याला बुरशी आली होती, अमुक तारखेपासून बंद केलाय, आणि टँकर पुढं मोठ्या प्लँटला जातो तिथं एम वनची पट्टी लावून नमुना बघायला सांगा, तशा पट्ट्या मिळतात आणि थोड्या वेळात निकाल येतो. तो निकाल येईपर्यंत चार पाच दिवस दूध घालू नका, मी तुमच्या जागी असतो तर नसतं घातलं. नुकसान होणार हे मान्य आहे. दूध जास्त असेल तर लोणी काढून तूप करून ठेवा, ताक मात्र ओतून द्या, कारण विष ताकात जातं.

वासराला त्या गाईचं दूध बंद. म्हशीला हा मका दिला नसेल तर तिचं पाजा, म्हशीचं दूध दाट असतं म्हणून सुरुवातीला थोडं थोडं द्या आणि हगवण लागते का त्यावर लक्ष ठेवा. म्हशीलाही दिला असेल तर शेजारच्या गोठ्यातून मागून घ्या, पण आधी त्यांचं मक्याचं पोतं उघडून बघा.